अप्पाची डावी चप्पल

६ नोव्हेंबर

मालक महाशयांस,

माझ्या आयुष्याचं मातेरं नेमकं कधी झालं ते मी मिनिटासकट सांगू शकतो. परवा, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी लसींची जुनी वही उघडली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि विचारलं, "हे तुम्हीच का?" मालकाच्या रकान्यात तुमचं नाव होतं. खाली तुमची झोकदार सही. मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही कोण?"

सात महिने मी ह्या कुत्र्याचं ढुंगण पुसतोय. रोज दोनदा. आणि मी कोण!

वहीतला पत्ता जुना निघाला. तिथल्या घरमालकाने तुमचा बोगद्याच्या कामावरचा पत्ता दिला. वर तुमच्याबद्दल पाच मिनिटं चांगलं बोलला. ते मला आवडलं नाही.

तुम्ही मला ओळखत नाही. मी सोफे बनवतो. म्हणजे सांगाडा सुतार करतो, मी पट्टे ताणतो, स्प्रिंगा बांधतो, फोम कापतो, वरून कापड ठोकतो. दोन वर्षांपूर्वी मी कॉलेजात होतो. जिने हा कुत्रा मला सांभाळायला दिला, ती तिथे प्रयोगशाळेत सहायक होती. एक दिवस एक काचेची नळी फुटली म्हणून आमचे सर तिच्यावर पंचवीस पोरांसमोर ओरडले. मी एक शब्द बोललो, सर दोन बोलले, आणि मग स्टूल खिडकीतून बाहेर गेलं. खिडकी बंद होती. त्यानंतर मी कॉलेज सोडलं. कॉलेजचं म्हणणं आहे की आधी त्यांनी मला सोडलं. ती एवढंच म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं?" पण असं म्हणताना हसली होती, आणि त्या हसण्यावर मी आजवर जगतोय. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. लोक मला हे असं सांगतात, जणू मला वजाबाकी येत नाही.

एप्रिलमध्ये ती परदेशी नोकरीवर गेली, तीन महिन्यांसाठी. जाताना कुत्र्याचा पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा माझा जीव आहे." आता ह्याच्यापुढे एखाद्या बाईने आणखी काय बोलायला हवं?

तर डॉक्टरबाई म्हणतात, त्याचं मूत्रपिंड गेल्यात जमा आहे, मागच्या पायांतलं बळ चाललंय, वय बारा. वेळ आली की इंजेक्शन देऊन सोडवता येईल, पण मालकाची सही लागेल. मला इंजेक्शन नको आहे. मला तुमच्याकडून एक कागद हवा आहे, की ह्या कुत्र्यावर तुमचा काडीचा हक्क नाही आणि मालक मी. म्हणजे माझ्या सहीशिवाय कोणी त्याला हात लावणार नाही. ती येईल तेव्हा तिचा जीव मला तिच्या हातात जसाच्या तसा द्यायचा आहे.

आणि जाता जाता, माहीत असेल तर सांगा. दार बंद केलं की हा रडून गल्ली का गोळा करतो? मी कुठे निघालो की नेमकी डावीच चप्पल तोंडात का धरतो? आणि तिने सांगितलेल्या 'बिस्किट' ह्या नावाने हाक मारली की ढिम्म का बसतो? सात महिने मी भर रस्त्यात 'बिस्किट, बिस्किट' ओरडतोय. लोक मला फेरीवाला समजतात.

कागद लवकर पाठवा. गोड बोलून पाठवाल तर बरं.

— सोफेवाला

*

१४ नोव्हेंबर

चिरंजीव सोफेवाले,

तुझं पत्र काल गुरुवारच्या ट्रकने आलं. आमच्याकडे बटाटे, डिझेल आणि शिव्या एकाच ट्रकने येतात. फोन लागतो तो डोंगराच्या माथ्यावर, आणि तिथवर धापा टाकत चढून ज्याला फोन करावा असं माझं कोणी नाही. तेव्हा पत्रच बरं.

मी इथे सर्व्हेअर आहे. डोंगर दोन बाजूंनी पोखरत आणतात. दोघांची मधोमध गाठ पडावी, एक वर आणि एक खाली असं होऊ नये, हे बघणं माझं काम. जानेवारीच्या सुरुवातीला गाठ पडेल. नाही पडली तर मीही परदेशी नोकरी शोधेन.

आता तुझे प्रश्न, उलट्या क्रमाने.

तो ढिम्म बसतो, कारण त्याचं नाव बिस्किट नाही. अप्पा. पिल्लू असतानाच असा बसायचा, की आत्ता पेन्शनीच्या रांगेतून उठून आलाय. मी बारा वर्षांपूर्वी त्याला अप्पा म्हटलं आणि त्याने ते मान्य केलं. ह्या वयात कोणी मला 'चॉकलेट' म्हणून हाक मारली तर मीही वळून बघणार नाही.

डावी चप्पल, कारण त्याला हिशेब कळतो. एका चपलेने माणूस बाहेर जाऊ शकत नाही. दोन्ही उचलायचे कष्ट कशाला घ्या? ज्याने जाऊ नये असं त्याला वाटतं, त्याचीच उचलतो. पोस्टमनची कधी उचलली नाही. माझ्या चुलत्याची तर उजवीसुद्धा आणून दिली होती.

दाराचं ऐकून तुला वाईट वाटेल. तुझ्या पत्रावरून मला दिसतंय, की तू त्याच्या त्या बंद दारामागच्या रडण्यात काहीतरी वाचलं आहेस. तो कोणाची वाट बघत नाही. मी पाळ्यांत काम करायचो, परत यायची वेळ ठरलेली नसायची, म्हणून दार अर्धं उघडं ठेवून जायचो. बंद दार म्हणजे मूत तुंबणार, एवढंच त्याला ठाऊक आहे. विरह वगैरे काही नाही रे.

आणि ती. पट्टा हातात देताना ती म्हणाली असेल, "हा माझा जीव आहे. जीव कोणी कुणाकडेही ठेवत नाही." दुसरं वाक्य तू मला लिहिलं नाहीस, पण होतं ना? असणारच. मला बारा वर्षांपूर्वी म्हणाली तेव्हाही होतं. अप्पा बुटांच्या खोक्यात मावत होता, तिच्या वसतिगृहात कुत्री चालत नव्हती, आणि मी तुझ्याच वयाचा होतो. मला तीन महिनेच सांगितले होते. दहा वर्षं झाली. मध्येमध्ये यायची, त्याला कुरवाळायची, माझ्याकडेही एक नजर टाकायची, जायची. दोन वर्षांपूर्वी मी बोगद्यावर आलो, तेव्हा कुठे तिने त्याला परत नेलं.

ती खोटं बोलत नाही, हे लक्षात घे. बोलताना तिला ते खरंच वाटतं. म्हणून तर आपण दोघं फसलो.

कागद देईन. आधी एवढं सांग: तो स्वतः उठतो का? जेवतो का? चप्पल धरतो का? 'ठीक आहे' असं लिहू नकोस. ठीक मीही आहे, आणि माझ्याकडे बघवत नाही.

— सर्व्हेअर

*

२२ नोव्हेंबर

सर्व्हेअर,

'आपण दोघं' म्हणू नका. मला तुमच्या जमेत धरू नका. तुम्ही दहा वर्षांत जे करू शकला नाहीत ते मला जमणार नाही असं कोणत्या दुर्बिणीतून मोजलंत? तुम्ही बोगदे खणा. माणसं खणू नका.

तुमचं पत्र मी उस्तादांना दाखवलं. उस्ताद म्हणजे दुकानाचे मालक. मी त्यांच्याच मागच्या खोलीत राहतो. तोंडात खिळे धरून बोलायची त्यांना सवय आहे. पत्र वाचलं, चार खिळे थुंकले, म्हणाले, "माणूस सरळ दिसतो." मी म्हटलं, "तुम्ही माझ्या बाजूने आहात की त्याच्या?" म्हणाले, "मी कुत्र्याच्या बाजूने आहे. तुझ्या बाजूला जागाच कुठे आहे, सगळीकडे तूच बसलायस."

असो. तुमच्या नावाची मी परीक्षा घेतली. मी फोमला चिकटवायचं सोल्यूशन लावत होतो, तो पाठमोरा पडला होता. हळूच म्हटलं, "अप्पा." कान उभा राहिला. डावा. मग मान वळली. सात महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याकडे असा बघत होता, की अरे, तू आहेस होय. मला एकदम ठसका लागला. सोल्यूशनचा वास फार उग्र असतो.

आता तुमच्या चौकशा.

उठतो का? त्याच्यासाठी मी झोळी शिवली आहे. सोफ्याच्या बुडाला लावतो ना, तो विणलेला पट्टा. दोन पदरी, पोटाखाली फोम, वर धरायला दोन मुठी. मी मागून उचलतो आणि तो पुढचे पाय टाकतो. गल्लीत आम्ही दोघं मिळून एक सहा पायांचं जनावर दिसतो. गादीला रेग्झिनचं कव्हर आहे, पुसलं की साफ. कूस बदलायला मी दर दोन तासांनी कामावरून उठतो. उस्ताद म्हणतात, एवढी मेहनत गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर घेतली असतीस तर राजवाड्यांची कामं आली असती.

जेवतो का? मऊ भात, उकडलेलं अंडं, माझ्या बोटावरून. बोट कधी कधी भातासकट जातं. दात अजून आहेत त्याला.

चप्पल? मी सकाळी दुकानात निघतो तेव्हा डावी चप्पल त्याच्या तोंडात असते. झालं समाधान?

आणि दाराचं म्हणाल तर तुम्हाला जे वाटायचं ते वाटू दे. फोमची पाचर करून मी ते अर्धं उघडं ठेवलं आहे. धूळ येते, मांजर येते, शेजारची म्हातारी येऊन माझा पंखा बंद करून जाते. चालेल. तो दाराकडे बघतो तेव्हा त्याचे डोळे तुम्ही पाहिलेले नाहीत. मुतायची घाई झालेल्याचे डोळे असे नसतात. मला त्यातला फरक कळतो, कारण मी दोन्ही भोगलं आहे.

तिला मी दर रविवारी लिहितो. फोन लागतो, पण तिला उचलायला वेळ नसेल. सप्टेंबरमध्ये तिचं एक कार्ड आलं होतं. 'त्याची काळजी घे. स्वतःचीही.' आता ज्याच्याबद्दल काही वाटत नाही त्याला कोणी 'स्वतःचीही' लिहितं का? ह्या एका शब्दावर मी आठवडाभर विचार केला आहे. मी तिला कळवलंय की कुत्रा ठणठणीत आहे, जिने चढतो.

जिना आमच्याकडे नाही. पण ते तिला कुठे माहीत आहे?

कागद पाठवा.

— सोफेवाला

*

५ डिसेंबर

पोरा,

कागद ह्याच पानाच्या मागे लिहून दिला आहे. 'सदर कुत्रा आजपासून ह्यांच्या मालकीचा', खाली माझी सही, साक्षीदार म्हणून आमचा मुकादम आणि सुरुंग लावणारा. तुझं नाव तू भर. आता अप्पाच्या बाबतीत जे काही व्हायचं ते तुझ्या सहीने. तू मागत होतास ते हेच होतं. ह्याला दुसरी बाजू आहे, हे बहुतेक तुझ्या लक्षात आलेलं नाही. परवापर्यंत तू म्हणू शकत होतास, की मी काय करू, मालक तो आहे. आता तेही गेलं.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. लिहायला बसलो होतो, लिहवली नाही.

ऑगस्टमध्ये तिचं पत्र आलं होतं. तिला ती नोकरी मानवली आहे. ती परत येणार नाही. तिने लिहिलं होतं, 'कुत्रा एका मुलाकडे ठेवलाय. फार चांगला आहे, लांबलचक पत्रं लिहितो. मी येणार नाही हे त्याला कसं सांगू, मला समजत नाही. तू कुत्रा परत नेशील का? म्हणजे त्याला आपोआप कळेल.'

मी उत्तर दिलं नाही. स्वतःला सांगितलं, की इथे दिवसाला तीनदा सुरुंग उडतो, म्हातारा कुत्रा कुठे आणू. पण ट्रक दर गुरुवारी परतही जातो, आणि त्यात बसून मी दोन दिवसांत तुझ्या दारात आलो असतो. खरं कारण असं, की मी त्याला दहा वर्षं पाहिलं आणि शेवटचं पाहायची माझी छाती नव्हती. तिने तिचं तुझ्यावर ढकललं, मी माझं तिच्याआडून तुझ्यावर ढकललं. तू आम्हा दोघांचं ओझं झोळीत घालून गल्लीतून फिरवतोयस.

म्हणून विचारायचा हक्क नसताना विचारतो. तू अप्पाला जगवतोयस, की तिचे तीन महिने?

— सर्व्हेअर

*

१३ डिसेंबर

तुमचं पत्र मी फाडलं. चार तुकडे केले. मग लक्षात आलं, की त्याच पानाच्या मागच्या बाजूला मालकीचा कागद आहे. सोल्यूशन लावून चिकटवलं. आता एका बाजूला मी मालक आहे आणि दुसऱ्या बाजूला गाढव. उस्ताद म्हणाले, फ्रेम कर, दोन्हीकडून काच लाव.

तुम्ही भित्रे आहात. ती भित्री आहे. तुम्ही दोघं एकमेकांना अगदी शोभता, करून टाका लग्न, मी फुकट सोफा देतो, स्प्रिंग वर आलेला.

मला तुमचं पत्र नको, उपदेश नको. तो ठीक आहे. ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे. लिहिलं तीनदा. काय करायचं ते करा.

*

१९ डिसेंबर

पोरा,

भित्रा म्हणालास, बरोबर म्हणालास. लग्नाचं जमणार नाही, सोफा मात्र ठेवून दे.

तुझं नोव्हेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मी विचारलं होतं, चप्पल धरतो का. तू लिहिलंस, सकाळी त्याच्या तोंडात असते. मी मापं घेऊन पोट भरतो. मधली वीतभर जागा कोणी न सांगता सोडून दिली तर मला ती आधी दिसते. त्याच्या तोंडात ती चप्पल कोण ठेवतं, हे मी विचारत नाही. मी तिथे असतो तर मीही ठेवली असती, आणि वर 'शाब्बास अप्पा' म्हटलं असतं.

पण एक दिवस ठेवू नकोस. नेहमीसारखा निघ, उजवी घाल, डावी त्याच्या नाकाजवळ पडू दे, आणि थांब. मग तो काय करतो ते बघ. मुळात हे त्यानेच ठरवलेलं आहे, बारा वर्षांपूर्वीपासून: ज्याने जाऊ नये त्याची डावी. कोणाला अडवायचं हे त्याला कळतं, तसं आता कोणालाच अडवायचं नाही हेही कळेल. तुझ्या-माझ्यापेक्षा त्याची समज बरी आहे. तो कधी कोणाच्या हसण्यावर दोन वर्षं जगला नाही.

सोबत पार्सल आहे. माझी जुनी डावी चप्पल. आठ वर्षं त्याने तिची वाट लावली, टाचेपाशी दातांच्या खुणा आहेत. तिची उजवी मी केव्हाच फेकली, पण ही का कोण जाणे, बोगद्यापर्यंत घेऊन आलो. माझ्यापेक्षा ही तिथे लवकर पोचेल. जानेवारीपर्यंत मला इथून हलता येत नाही. आणि ह्या वेळेला ते निमित्त नाही, डोंगराची शपथ. निमित्त असतं तरी मी असंच लिहिलं असतं, हे तू ओळखशीलच.

वास त्याला आठवेल.

— सर्व्हेअर

*

११ जानेवारी

दादा,

ही हाक कागदावर सहज आली आहे, तिचा फार अर्थ काढू नका. अर्थ काढायची सवय माझी, तुमची नव्हे.

पार्सल आधी उस्तादांनी उघडलं. पहिल्यांदा भडकले, की माझ्या दुकानाच्या पत्त्यावर खेटर पाठवणारा हा कोण. मग टाचेवरच्या खुणा पाहिल्या आणि चप्पल दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी मात्र चप्पल फडताळावर ठेवून दिली. दोन आठवडे. मला वाटत होतं, ती खाली आली की संपलं. आणि खरं सांगतो, तुम्ही लिहिल्यावरसुद्धा मी रोज सकाळी त्याच्या जबड्यात माझी डावी अडकवत होतो. नोव्हेंबरपासून करत होतो. जबडा हलकेच उघडायचा, पट्टा दातांमागे सारायचा, मग दोन पावलं मागे जाऊन "अप्पा, सोड ना, उशीर होतोय" असं ओरडायचं. आणि मग स्वतःच जाऊन काढून घ्यायची. नाटकात दोन पात्रं, दोन्हींची कामं मीच करत होतो. तो बिचारा प्रेक्षक. त्याने कधी तक्रार केली नाही.

गेल्या सोमवारी त्याने भात सोडला. मंगळवारी पाणी घेतलं आणि उलटून टाकलं. बुधवारी सकाळी मी तुम्ही सांगितलं तसं केलं. उजवी घातली, डावी त्याच्या नाकाजवळ ठेवली, दारात उभा राहिलो. म्हटलं, "अप्पा, निघतो हं."

त्याने चपलेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चपलेकडे. मग नाकाने तिला थोडंसं ढकललं. माझ्या बाजूला, दादा. वीतभरसुद्धा नाही, चार बोटं. आणि मान खाली ठेवली.

मी एका पायात चप्पल घालून अर्धा तास तिथेच उभा होतो. उस्ताद बघायला आले. तोंडात खिळे नव्हते, त्यावरून समजा.

दवाखान्यात जाऊन मी फॉर्म आणला. मालकाच्या रकान्यात नाव घातलं. सही तीनदा चुकली. डॉक्टरबाई शुक्रवारी दुपारी चारला आल्या, पिशवी ठेवली, फॉर्म वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच." मी म्हटलं, "हो. मीच." नोव्हेंबरात ह्याच उत्तरासाठी मी तुमच्या नावाने बोटं मोडत होतो. ते इतकं जड असतं हे तुम्ही सांगितलं होतंत, पण तुमचं मी कधी ऐकलंय?

दुकानात एक तीन जणांचा सोफा तयार उभा होता, शनिवारी न्यायचा होता. उस्तादांचा नियम तुम्हाला माहीत नाही: गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर आमच्यापैकी कोणी बसत नाही, ते स्वतःसुद्धा. मी अप्पाला झोळीत घेऊन आत आलो तर म्हणाले, "खाली कशाला? वर ठेव." मी म्हटलं, "उस्ताद, मुतेल." म्हणाले, "त्याच्या बापाचा सोफा आहे. मुतू दे."

तर अप्पा गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर, मधल्या जागेत, पेन्शनीच्या रांगेतून नुकताच उठून आल्यासारखा. तुमची चप्पल मी त्याच्या हनुवटीखाली ठेवली. आधी काही नाही. मग नाक हललं. नाक थांबलं. पुन्हा हललं, आणि शेपूट दोनदा आपटली. तुम्ही मापं घेता म्हणून मोजून सांगतो. दोनदा. माझ्यासाठी ती नऊ महिन्यांत एवढ्या जोरात हलली नव्हती, आणि मला तुमचा राग आला नाही. का आला नाही, त्याचाच थोडा राग आला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "नाव काय म्हणता?" मी कानाजवळ जाऊन म्हटलं, "अप्पा." कान उठला. डावाच. आणि मग हळूहळू खाली आला. तेवढंच झालं. मी स्टूल वगैरे काही फेकलं नाही. उस्तादांनी सगळी स्टुलं आधीच दुसऱ्या खोलीत हलवली होती, हे मला नंतर कळलं.

मागे लाकडं ठेवायची शेड आहे, तिच्या कडेला त्याला पुरलं. खड्डा आम्ही दोघांनी खणला. गुंडाळायला मी जुनी चादर आणली, तर उस्तादांनी गठ्ठ्यातून मखमल ओढली, कोणाच्या तरी ऑर्डरीची, गर्द हिरवी. मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला काय सांगणार?" म्हणाले, "दोन मीटर कमी पडलं म्हणून सांगू. खोटं कुठे आहे?" तुमची चप्पल त्याच्याबरोबर दिली. परत मागू नका.

तिला काल पत्र लिहिलं. आजवर सात-आठ पानांखाली कधी थांबलो नव्हतो. ह्या वेळी दोन ओळी. 'तुझा कुत्रा शुक्रवारी दुपारी गेला, त्रास झाला नाही. त्याचं नाव अप्पा होतं.' खाली आणखी एक ओळ लिहिली होती, ती खोडली. काय होती ते विचारू नका. उत्तराची वाट बघणार नाही असं इथे लिहिणार होतो, पण आता एका पत्रात तरी खोटं नको. दोन-तीन आठवडे बघेन. पोस्टमनला शिव्याही देईन. मग बहुतेक जमेल.

तुमच्या डोंगराची गाठ पडली का? वर-खाली झालं असेल तर उस्ताद म्हणतात, मधे फोम भरून देऊ. पडली असेल तर त्या परतीच्या ट्रकमध्ये बसा. सोफा आता गिऱ्हाईक नेत नाही. मधल्या जागेवर डाग पडला आहे. तो माझ्या खोलीत आणून ठेवलाय. त्यावर बसू देईन. मधे नाही, कडेला.

खोली फार मोठी वाटते. पंखा शेजारच्या म्हातारीने पुन्हा बंद केलाय. मांजर येऊन त्याच्या गादीचा वास घेऊन गेलं. दार अजून अर्धं उघडं आहे, नोव्हेंबरपासून आहे तसंच. मघाशी मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. मग खरंच लघवीला लागली आहे असं लक्षात आलं, आणि एकटाच हसलो. तुमचं म्हणणं निदान माझ्या बाबतीत तरी खरं निघालं.

आता हे पत्र पेटीत टाकायला निघतो. दोन्ही चपला दारात जागच्या जागी आहेत, जोडीने, एकही कोणाच्या तोंडात नाही. डावीचा पट्टा कुरतडलेला आहे, चालताना पट्‌पट् वाजेल. वाजू दे. दाराखालची फोमची पाचर काढली, खिशात घातली. बिजागरी कुरकुरते आहे, इतके महिने तिला काम नव्हतं.

बाहेर पडतो. दार ओढून घेतो.